डोंगरावरचा बाजार आणि डोंगराखालचा

परगावाहून परतणाऱ्या माणसाने रिकाम्या हाताने उंबरा ओलांडू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आणि तो ज्यांनी घालून दिला त्यांना प्रवास म्हणजे बहुतकरून यात्राच ठाऊक असल्याने, काय आणावे याचा खल करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नाही. पंढरपुराहून बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे, जेजुरीहून भंडारा, काशीहून गंगेचा गडू, एवढे आणले की यात्रा घरी पोचली. वस्तूचे मोल कवडीचे असले तरी ती त्या क्षेत्राची असे, आणि शेजारपाजारच्या प्रत्येक घरात चिमूटभर का होईना वाटली जाई. आजही खालापूर तालुक्यातील महडला वरदविनायकाच्या दर्शनास गेलेला भाविक नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन निघतो, तेव्हा निवडीचा गोंधळ त्याच्या मनास शिवत नाही. परंतु देवाच्या नावाने न निघालेला, निव्वळ हवापालटासाठी घराबाहेर पडलेला प्रवासी हा आपल्या मुलखात तसा अलीकडचा; त्याच्या हाती काय द्यावे हे सांगणारा क्षेत्रोपाध्याय कोठून असणार? ते काम बाजाराने आपल्याकडे घेतले. तो बाजार कसा उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी असलेला दुसरा, अधिक जुना बाजार प्रवाशाच्या दृष्टीआड कसा राहून गेला, हे पाहायचे तर कर्जत-खालापूरसारखा प्रदेश शोधून सापडायचा नाही.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे खालापूरकडील चौक गावी मुक्कामास असताना समोरचा डोंगर चढून गेले, तेथील गर्द राई आणि शीतल वारा यांनी ते मोहित झाले, आणि माथेरानचे नाव मुंबईच्या साहेबवाड्यांतून घेतले जाऊ लागले. त्या पठारावर धनगर, ठाकूर आणि कातकरी यांचा वावर पिढ्यान्‌पिढ्या होता, हे येथे नोंदून ठेवलेच पाहिजे. वाट दाखविणारे पाय त्यांचेच होते. पुढे लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला, १८६३ मध्ये तो बोरघाट चढून गेला, आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबाने बांधलेली, दोन फुटी रुळांवरून धावणारी छोटी गाडी नेरळहून निघून जुम्मापट्टी, वॉटरपाइप अशी ठाणी घेत माथेरानच्या तांबड्या मातीत शिरली. मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती, आणि मागाहून मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे येऊ लागली. आणि जेथे सुट्टीतले माणसांचे थवे उतरतात तेथे दुकानांच्या रांगा उभ्या राहतात, हा बाजाराचा सनातन धर्म असल्याने माथेरानचीही पेठ वसली.

ही पेठ पाहण्यासारखी आहे यात संशय नाही. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तेथून पुढे पाय, घोडा वा रूळ यांवाचून गती नसते, त्यामुळे माणसाच्या चालण्याचा वेग हाच अजूनही या पेठेचा वेग आहे. अलीकडे ई-रिक्षांना वाट मिळाली आहे, आणि माणसाने माणसाला ओढावयाच्या हातरिक्षा बंद कराव्यात असा आदेश २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे, जो पन्नास वर्षांपूर्वी मिळाला असता तर कितीतरी छात्या अकाली झिजल्या नसत्या. दुतर्फा दुकानांच्या ओटीवर चपलांच्या माळा लटकलेल्या असतात. त्यांच्या खाली कमरपट्टे, पिशव्या, टोप्या, वेताच्या आणि लाकडाच्या काठ्या, मधाच्या बाटल्या, चिक्कीची पाकिटे, जांभळाचे सरबत, आणि नाव कोरून मिळणाऱ्या किल्ल्यांच्या साखळ्या मांडलेल्या असतात. चामड्याची चप्पल ही माथेरानची जुनी ओळख. काही दुकानांत कारागीर अजून आरी-रापी घेऊन बसलेला दिसतो. फर्म्यावर ताणलेल्या चामड्यातून मेणवलेला दोरा ओढताना त्याच्या दोन्ही कोपरांची एकाच वेळी बाहेरच्या बाजूस होणारी झेप, आणि प्रत्येक टाक्यानंतर अंगठ्याने शिवण दाबून पाहण्याची सवय, ही पाहत उभे राहावे असे वाटते. पण त्याच्या डोक्यावर टांगलेल्या शंभर जोडांपैकी त्याच्या हातचे किती, असे विचारले तर तो प्रामाणिकपणे हसतो आणि दोन-चार जोडांकडे बोट दाखवितो. बाकीचा माल खालून, दुरून आलेला असतो. पिशव्या एका प्रांताच्या, खेळणी दुसऱ्या प्रांताची, आणि चिक्की घाटापलीकडील लोणावळ्याची. माथेरानहून घरी नेलेल्या वस्तूत माथेरान कितीसे असते, हा प्रश्न म्हणूनच मला बरीच वर्षे सतावीत आला आहे.

या प्रश्नाच्या पाठोपाठ मी उत्तर आफ्रिकेतल्या बाजारांविषयी वाचू लागलो, कारण प्रवाशाने काय घ्यावे आणि कारागिराने काय विकावे यांचा संबंध तेथे अधिक जुना, अधिक घट्ट आहे. मोरोक्को देशातील फेझ नगराची जुनी पेठ नवव्या शतकापासून नांदती आहे, आणि १९८१ पासून जागतिक वारसास्थळ म्हणून तिची नोंद आहे. तेथेही मोटार शिरत नाही. चिंचोळ्या गल्ल्यांतून गाढवे आणि खेचरे ओझी वाहतात, आणि हाकणाऱ्याची आरोळी ऐकताच गिऱ्हाईक भिंतीला पाठ लावून उभे राहते. पेठेची रचना हुन्नरांनुसार आहे: अत्तरे आणि मसाले यांची गल्ली निराळी, सुतारांची निराळी, आणि सेफ्फारीन नावाच्या चौकात तांबट दिवसभर ठोके घालीत बसलेले, ज्यांनी घडविलेल्या प्रचंड देगी गावच्या लग्नकार्यात चुलाण्यावर चढतात. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी ज्यांनी तो नाद ऐकला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. नदीच्या बाजूला चौआरा नावाची चामडी कमावण्याची जागा आहे. तेथे दगडी कुंडांत कातडी आधी चुना आणि कबुतरांची विष्ठा यांत भिजत पडतात, मग रंगांच्या कुंडांत जातात, आणि माणसे मांड्यांपर्यंत त्या द्रवात उभी राहून ती पायांनी तुडवितात. सभोवारच्या गच्च्यांवरून पाहणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या हाती दुर्गंधीवर उतारा म्हणून पुदिन्याची जुडी दिली जाते. त्या कातड्यांच्या पिवळ्या, टाच नसलेल्या सपाता तेथील बाजारात विकल्या जातात.

या सपातांशी येऊन माझे लक्ष थांबले. पर्यटक त्या घेतो, हे खरेच. पण शुक्रवारच्या नमाजाला निघालेला फेझचा रहिवासीही त्याच सपाता पायांत सरकवितो. कारागिराने पाहुण्यासाठी एक आणि शेजाऱ्यासाठी एक असे दोन जिन्नस बनविलेले नाहीत. शेजारी सपातेची शिवण ओळखतो, तळ वाकवून पाहतो, आणि वाईट माल परत आणून तोंडावर टाकतो; शेजाऱ्याच्या या धाकाने जो कस राखला जातो त्याचा लाभ दोन दिवसांसाठी आलेल्या परक्याला अनायासे मिळतो. ट्युनिस नगरात तांबड्या लोकरी टोप्या बनविणाऱ्यांची एक स्वतंत्र गल्ली आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमधून हाकलले गेलेले मुसलमान निर्वासित हा हुन्नर घेऊन तेथे आले आणि त्यांनी तो भरभराटीस आणला, आणि त्या टोप्या वृद्ध नागरिक डोक्यावर घालीत राहिले तोवर ती गल्ली प्रदर्शनाची वस्तू झाली नाही. उलट, कैरोचा खान-अल-खलीली हा चौदाव्या शतकात वसलेला बाजार. तेथे शेजाऱ्यांची खरेदी आटत गेली आणि प्रवाशांची वाढत गेली, तेव्हा पिरॅमिडच्या छोट्या प्रतिकृती आणि दिवे हजारो कोसांवरच्या कारखान्यांतून येऊ लागले. इतके, की २०१५ मध्ये इजिप्तच्या सरकारला लोककलेच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घालण्याची तजवीज करावी लागली. आपल्याच देशाच्या आठवणी परदेशातून आयात करू नका, असे हुकूम काढून सांगण्याची वेळ एका प्राचीन संस्कृतीवर यावी, याचे मला फार वाईट वाटले.

फेझचा आणि आपला एक जुना ऋणानुबंध आहे, तो येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. तँजिएर येथे १३०४ मध्ये जन्मलेला इब्न बतूता हा फिरस्ता महंमद तुघलकाच्या पदरी राहिला, दौलताबादेस आला, तेथील मराठ्यांविषयी, द्राक्षे-डाळिंबांविषयी आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या एका खास बाजाराविषयी त्याने लिहून ठेवले. आणि ही सारी हकीकत त्याने मायदेशी परतल्यावर, १३५५ च्या सुमारास, सुलतानाच्या आज्ञेवरून फेझमध्येच एका लेखनिकाला सांगितली. आपल्या देवगिरीच्या बाजाराचे एक जुने आणि सजीव वर्णन फेझच्या बाजारांचा कोलाहल ऐकत कागदावर उतरले, ही कल्पना माझ्या मनाला फार सुखावते. त्या फिरस्त्यालाही बाजार पाहिला की गावाची नाडी सापडत असे.

मग पाहुण्याने आणि शेजाऱ्याने एकच वस्तू घ्यावी, असे आमच्याकडे का झाले नाही? कर्जत-खालापुरात कारागीर नव्हते काय? होते, आहेतही, परंतु त्यांचा हुन्नर दुकानात मांडण्याची रीतच आमच्या गावगाड्याने पडू दिली नाही. फेझचा चर्मकार शहरातल्या गल्लीत बसे, त्याच्या पेशाचा अमीन त्याच्या मालाची शहानिशा करी, आणि तो नगाने विके. आमचा चांभार, सुतार, लोहार, कुंभार हे गावाचे बलुतेदार. त्यांच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने वर्षातून एकदा मिळे, आणि वहाण असो की नांगर, ती गिऱ्हाइकाच्या नावानेच घडविली जाई. न विकलेली, कोणाची तरी वाट पाहत टांगलेली वस्तू ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. त्यातून जातीच्या उतरंडीने त्या हातांना मान दिला नाही. चामडे कमावणाऱ्यास वेशीबाहेर ठेवून त्याची वहाण मात्र आम्ही वेशीच्या आत चालविली, हा आमच्या समाजाचा दोष कोणत्याही रसाळ वर्णनाने झाकला जाऊ नये. ठाकूर आणि कातकरी तर बलुत्याच्याही बाहेरचे. रानातून मोळी, मध, कोळसा आणावा, बाजारात बसणाऱ्या वाण्याला द्यावा, आणि तो देईल ते मीठ-मिरची घेऊन डोंगर चढावा, एवढाच त्यांचा आणि पेठेचा संबंध. अशा मुलखात रेल्वे आली, हवापालटाला लोक आले, आणि डोंगरावर जी पेठ वसली तिला खालच्या गावांतील कसबाचा आधार मिळालाच नाही. ती अधांतरी वसली, आणि जो माल स्वस्त आणि टिकाऊ तो जेथून मिळेल तेथून आणून तिने आपली फडताळे भरली. यात तेथील दुकानदारांचा अपराध मी मानीत नाही. चार महिन्यांच्या हंगामावर आणि पावसाळ्यात ताडपत्रीखाली निजणाऱ्या दुकानावर ज्यांचे वर्ष चालते त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

खालचा बाजार मात्र जागच्या जागी राहिला. कर्जत, नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोली या गावांच्या आठवडा बाजारांत आजही जो फिरेल त्याला भाज्यांच्या आणि सुक्या मासळीच्या ओळी संपल्यावर, बहुधा कडेला, एखाद्या झाडाच्या वा पाराच्या आधाराने, बुरुडकाम मांडून बसलेली माणसे दिसतील. टोपल्या, पाट्या, हारे; तांदूळ धुवायच्या रोवळ्या; कोंबड्या झाकायची डालगी; फुलांच्या परड्या; आणि सुपे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्याच ओळीत ठाकरांच्या बायका शेवळे, कंटोली, टाकळा, भारंगी घेऊन उतरतात, आणि शेवळ्याच्या जुडीबरोबर तिची खाज मारण्यासाठी लागणारे काकडही न मागता पदरात टाकतात. ही भाजी शहराच्या स्वयंपाकघरात पोचू लागली आहे. पण ज्या टोपलीतून ती उतरते ती टोपली मात्र कोणी मागत नाही.

सूप पारखायचे कसे, हे मला अशाच एका बाजारात शेजारी उभ्या राहिलेल्या वृद्ध बाईंनी शिकविले. त्यांनी ते आधी उजेडाकडे धरले आणि विणीतून येणारे प्रकाशाचे ठिपके सर्वत्र सारखे आहेत की कोठे मोठे झाले आहेत ते पाहिले. मग नखाने कडेवरून टिचक्या मारीत गेल्या. जेथे आवाज बद्द आला तेथे थांबून त्यांनी बांधणी किंचित ओढून पाहिली. त्यानंतर सूप दोन्ही हातांत धरून, रिकामेच, दोनदा पाखडले, आणि त्या रिकाम्या पाखडण्यातून त्यांना त्याचा तोल कळला. विणणारी बाई हे सगळे शांतपणे पाहत होती. ‘मावशी, केवढ्याला?’ असे मी विचारले तेव्हा तिने जी किंमत सांगितली ती शहरातल्या एका माणसाच्या चहा-नाश्त्याहून अधिक नव्हती, आणि वर म्हणाली, ‘घे दादा, सारवून वापरशील तर तुझ्या सुनेला पण पुरंल.’ मागे उभ्या असलेल्या एका प्रवाशाने त्या किमतीतही घासाघीस केली. तिने मान खाली घातली आणि कापत असलेल्या बांबूच्या बेळावर पुन्हा कोयती टेकविली.

या एका सुपात किती श्रम असतात याची मोजदाद कोणी करीत नाही. कळक वा माणगा बांबू योग्य वयाचा निवडून तोडायचा, कोवळा असेल तर किडतो आणि जून असेल तर वाकत नाही. तो चिरायचा, कामट्या काढायच्या, कामट्यांतून गर सोडवून कागदासारखी बेळे सोलायची, त्यांच्या धारेने बोटे चिरतात. मग उभ्या-आडव्या विणीने पाठ भरीत जायचे, कडा वळवायच्या, आणि वेताने वा बांबूच्याच सालीने त्या घट्ट आवळायच्या. घरी आल्यावर गृहिणी त्यावर शेणाचा, किंवा भिजविलेला कागद आणि मेथी वाटून केलेल्या लगद्याचा लेप देते. उन्हात वाळले की त्याच्या छिद्रांतून मोहरीचा दाणाही निसटत नाही. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा निजवायचे ते सुपात, आणि भाद्रपदात गौरी आल्या की नव्या सुनेचा ओवसा सुपांखेरीज होत नाही. रायगडातल्या कित्येक घरांत त्या दिवशी फळे-पानांनी भरलेली सुपे देवीपुढे ओळीने मांडली जातात. जन्मापासून सणापर्यंत ज्या वस्तूला एवढा मान, ती आठवण म्हणून घरी न्यावी असे प्रवाशाला वाटू नये?

आणि इरले! भातलावणीच्या दिवसांत वाकलेल्या पाठीवर उलटे घातलेले, डोक्यापासून कमरेखालपर्यंत झाकणारे, दोन्ही हात मोकळे ठेवणारे हे पर्जन्यकवच. बांबूच्या दोन जाळ्या, त्यांच्या मध्ये पळसाच्या पानांचे थर. आत बसलेल्या माणसाला पावसाचा आवाज ऐकू येतो पण पाणी लागत नाही, आणि वारा खेळता राहिल्याने अंग घामेजतही नाही. कर्जतच्या भातसंशोधन केंद्राने देशाला भाताचे उत्तमोत्तम वाण दिले. तेच भात ज्या इरल्यांखाली वाकून लावले गेले ती इरली विणणारे हात मात्र आता मोजके उरले आहेत, कारण प्लास्टिकची खोळ स्वस्त पडते आणि कोठेही मिळते. ज्या शेतकऱ्याला ती परवडते त्याला दोष कसा द्यावा? पण पाहुणा म्हणून येणाऱ्याने, ज्याला लावणी करायची नाही, त्याने तरी आपल्या भिंतीसाठी परप्रांतातला मुखवटा घेण्याऐवजी एक इरले का घेऊ नये? या तालुक्यांतल्या विश्रामगृहांच्या भिंतींवर वारली चित्रे रंगविलेली दिसतात. ती सुंदर असतात, परंतु ती डहाणू-तलासरीकडची, जिव्या सोमा मशे यांच्या मुलखाची. कर्जतच्या ठाकरांचे हुन्नर दाराशी असताना दुसऱ्या डोंगरातले चित्र आणून या डोंगराची ओळख करून द्यावी, हे मला पटत नाही.

राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जतहून फार दूर नव्हे, कोंढाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदलेल्या तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भग्न मूर्तीचे मस्तक तेवढे शिल्लक असून, त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. राजा नाही, दानशूर श्रेष्ठी नाही, छिन्नी चालविणाऱ्याने आपले आणि आपल्या गुरूचे नाव दगडावर ठेवले आहे. मूर्तीचे धड काळाने नेले, पण करणाऱ्याचे नाव राहिले. घाटमाथ्यापलीकडे जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख सापडतो. दान म्हणून दिलेले द्रव्य त्या श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवले जाई आणि त्याच्या उत्पन्नातून धर्मकार्य चाले. सुपे-टोपल्या विणणाऱ्यांची पत एके काळी या सह्याद्रीत एवढी होती की लोक त्यांच्याकडे पैसा विश्वासाने सोपवीत. आज त्याच डोंगराच्या कुशीतला बुरूड बांबूच्या एका भाऱ्यासाठी उधारी शोधत फिरतो. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू तोडण्यावरील निर्बंध सुटले, हे चांगले झाले. परंतु ज्याला स्वतःची जमीन नाही त्या कातकऱ्याने बांबू लावायचा कोठे? दिवाळी सरली की त्याची बिऱ्हाडे वीटभट्ट्यांकडे चालू लागतात, ती पावसापर्यंत परतत नाहीत; आणि जी पिढी वीटभट्टीवर वाढते तिच्या बोटांत विणीचा अभ्यास उतरणार तरी केव्हा?

घासाघिशीविषयी थोडे. उत्तर आफ्रिकेच्या बाजारांतून परतलेले प्रवासी भाव पाडण्याच्या युक्त्या एकमेकांना मोठ्या हौसेने सांगतात, आणि तेथील मुरलेल्या व्यापाऱ्याशी ते चालतेही. तो स्वतः किंमत वाढवून सांगतो, पुदिन्याचा चहा पाजतो, आणि तासभराच्या त्या खेळात दोन्ही पक्षांना आपापला नफा ठाऊक असतो. आमच्या ठाकरणीने किंमत वाढवून सांगितलेलीच नसते. संध्याकाळच्या आत टोपल्या खपल्या नाहीत तर त्या डोक्यावर घेऊन डोंगर चढावा लागेल, एवढेच तिला माहीत असते. आणि तिच्या या अगतिकतेला आपले चातुर्य समजणे मला अत्यंत निंद्य वाटते. याच माथेरानात १९१२ मध्ये जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी सावकारी पाशातून गरिबांची सुटका व्हावी म्हणून धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या. त्यांच्या नावाचा चौक ओलांडून येणाऱ्या माणसाने बाजारात दहा रुपयांसाठी एका म्हातारीला मान खाली घालायला लावू नये.

कर्जत स्थानकावर घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, तेवढ्या थांब्यात बटाटेवडा घेतल्याशिवाय पुढे जाणारा प्रवासी विरळा. या एका पदार्थाने गावाचे नाव देशभर नेले, आणि तो त्याच गावात, त्याच तेलात तळलेला असतो म्हणूनच नेले. बाकीच्या जिनसांनाही हाच न्याय लागू पडेल, जर घेणारा थोडी वाट वाकडी करून जाईल. वाचकहो, माथेरानला जरूर जा, तेथे जो कारागीर आरी घेऊन बसलेला असेल त्याच्याच हातचा जोड मागून घ्या, लागल्यास दोन दिवस थांबून मापाने करवून घ्या. पण परतीच्या वाटेवर नेरळला, कशेळ्याला किंवा चौकला बाजार भरलेला असेल तर तेथे उतरा. सूप उजेडाकडे धरून पाहा. सांगितलेली किंमत द्या. आणि विणणाऱ्याचे नाव विचारून घ्या, ते सुपाच्या पाठीवर, कडेच्या आतल्या बाजूला, काळ्या शाईने लिहून ठेवा. ती जागा सारवणाखाली जात नाही. चांगली सुपे गौरी येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात मिळतात, आणि इरली ज्येष्ठ लागण्यापूर्वी सांगून ठेवावी लागतात.